दोंडाईच्याला गेलेली वार

११ नोव्हेंबर १९९७, मंगळवार

आज कोबाल्ट बघितला! म्हणजे तो कोणालाच दिसत नाही. तो ज्या खोलीत राहतो ती खोली बघितली.

ताईला घेऊन कॅन्सरच्या दवाखान्यात गेले होते. दाजींना बमरोलीच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, आणि आई दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागते, म्हणजे उरले मी. ऑक्टोबरात ताईचं ऑपरेशन झालं. घरात आम्ही 'गाठ काढली' म्हणतो, पण डावा स्तनच काढला. पोटात पाच महिन्यांचं बाळ होतं तेव्हा. लग्नाला सात वर्षं झाल्यावर राहिलेलं! पेढे वाटून हात पुसले नाहीत तोच ही गाठ.

डॉक्टर तोडून बोलत नाहीत. म्हणाले, "शेक द्यावा लागेल. पण बाळ पोटात आहे तोवर नाही. बाळंतपण होऊ दे, मग लगेच सुरू करू." इथे सुरतेत किरणांच्या उपचाराला सगळे शेकच म्हणतात, गुजराती काय आणि आम्ही काय. जणू गरम विटेने पाठ शेकायचीय.

बाहेर बाकावर बसल्यावर ताई म्हणाली, "धनू, मना रोग पोटमातल्याले लागी का?"

मी म्हणाले, नाही लागत.

"पुस्तकमा लिखेल शे, का तूच म्हणस?"

मी पाणी आणायला उठले.

तिथल्या टेक्निशियनला गोड बोलून मी यंत्राची खोली दारातून बघून घेतली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, बघू द्या ना भाऊ! भिंत केवढी जाड — आमची अख्खी मोरी त्या जाडीत मावेल. दार शिशाचं. मध्ये ते यंत्र, मान वाकवून उभं. त्याच्या डोक्यात बोटाच्या पेराएवढा कोबाल्ट. मी विचारलं, रात्री बंद करता का? तो हसला. "बेन, आ तो क्यारेय बंद नथी थतुं. खाली ढांकवानुं."

कधीच बंद होत नाही! फक्त झाकायचं. दवाखाना मिटतो, माणसं घरी जातात, आणि तो शिशाच्या आत आपला पेटलेलाच. घरी येईपर्यंत रिक्षात दुसरं काही सुचलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आईच्या पायाला मुंग्या येतात म्हणून तिला ती लाल इंजेक्शनं देतात. आज बाटली हातात घेऊन उजेडात धरली. तो लाल रंग कोबाल्टचा! बी-बारा जीवनसत्त्वाच्या अगदी मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो, तो नसेल तर रक्त नीट बनत नाही. आईला सांगितलं, तुझ्या अंगात कोबाल्ट आहे. ती म्हणाली, "पोरी, आधी गिरणीतून पीठ आण."

सख्खे भाऊ आणि स्वभाव असे. एक रक्त घडवतो, एक जाळतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

माझं काम घरी नीट कोणालाच माहीत नाही. आईला थोडं माहीत आहे, पण ती बाहेर 'कॉलेजात असते' एवढंच सांगते. परवा अमळनेरहून स्थळ आलं तेव्हाही तेच. बरोबरच आहे तिचं. 'मुलगी वार धुते' म्हटल्यावर चहासुद्धा न पिता उठले असते.

पण मी वार धुते! बाळ झाल्यावर मागून पडते ती वार. बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती. आमच्या वशी मॅडमचा प्रकल्प आहे — उधना, बमरोली, पांडेसरा इथल्या बायांच्या वारेत लोह किती, जस्त किती, तांबं किती. दवाखान्यातून वार आणायची, धुवायची, वाळवायची, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची. मग ते पाणी ज्योतीच्या यंत्रात सोडायचं, की यंत्र सांगतं कुठला धातू किती.

आणि वार मिळवायची कशी? कोणी देत नाही. आपली खानदेशची माणसं ती पुरतात. आज एक म्हातारी माझ्या अंगावरच धावून आली. मी अहिराणीत बोलायला लागल्यावर शांत झाली, नखाएवढा तुकडा दिला आणि बाकीची फडक्यात बांधून घेऊन गेली. मॅडमनी मला घेतलं ते मार्कांमुळे असं मला वाटायचं. मार्कांमुळे कसलं, भाषेमुळे!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज आकडे जुळवत बसलो होतो. मॅडम एकदम म्हणाल्या, "धनश्री, हे बघ."

ज्या बायांचं रक्त पाण्यासारखं फिकं, ज्यांना जिना चढताना धाप लागते, त्यांच्यासुद्धा वारेत लोह भरलेलं. नाळेतल्या रक्तातही भरलेलं. आईकडे नाही आणि बाळाकडे आहे! मॅडम म्हणाल्या, वार मागत नाही, ओढून घेते. आईच्या रक्तातून लोहाचा कण न् कण वेचून पलीकडे देते. आईला पुरो न पुरो.

आणि रक्त मात्र मिसळत नाही. हे मला पुस्तकात वाचूनही कळलं नव्हतं, आज मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं तेव्हा कळलं. आईचं रक्त एका बाजूला तळ्यासारखं साठतं. त्यात बाळाच्या बाजूची बारीक बारीक बोटं बुडालेली. मध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा. एका घरात दोन जावा राहतात आणि चुली वेगळ्या, तसं. वाटीभर साखर इकडून तिकडे जाते, पण चूल चुलीत मिसळत नाही.

मी पण अशाच एका वारेतून आले! मॅडम पण आल्या, गिरणीवाला पण आला. रस्त्यात सगळ्यांची तोंडं बघत घरी आले. वेडीच वाटले असेन लोकांना.

६ डिसेंबर, शनिवार

ताईला दम लागतोय. रक्त कमी. लोहाच्या गोळ्या चालू.

१६ डिसेंबर, मंगळवार

ताईला दाखवायला नेलं. दाजी होते आज. डॉक्टरांनी मला आणि दाजींना बाजूला बोलावलं आणि म्हणाले, बाळंतपण झालं की वार टाकू नका, आम्हाला हवी आहे.

मला हसूच आलं. वार गोळा करणारी मी, आणि आज माझ्याकडेच मागणी!

मग ते पुढचं बोलले आणि हसू गेलं. रोग कधी कधी आईच्या रक्तातून वारेपर्यंत जातो. क्वचित. तिथून बाळात जाणं त्याहून क्वचित. "बोटांवर मोजावीत एवढी उदाहरणं जगात. पण तपासलं नाही तर आपल्याला कळणार कसं? वारेत काही नसेल तर बाळाची काळजी मिटली. असेल तर बाळावर पहिल्या दिवसापासून डोळा ठेवता येईल."

म्हणजे ताईच्या त्या प्रश्नाचं उत्तर वारेत आहे. पुस्तकात नाही, तिच्याच पोटात आहे.

ताईला मी सगळं सांगितलं. लपवलं असतं तरी तिने डोळ्यांवरून ओळखलं असतं. तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "मंग ती वार तूच तुना हातमा ले. दुसऱ्याले देऊ नको." मी म्हणाले, मी आहे ना! वार टिकावी म्हणून फॉर्मॅलिन भरलेली बरणी आणून माळ्यावर ठेवलीय. आईने लोणच्याच्या बरण्यांपासून ती लांब सरकवलीय.

दाजींनी मात्र हात जोडले. त्यांच्या आईला, उषाबाई मावशींना, यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांना ऑपरेशनचं माहीत आहे, पण रोग बाळाला लागू शकतो हे ऐकलं तर अंथरूण धरतील. मलाही ते पटलं.

२८ डिसेंबर, रविवार

ताईची ओटी भरली आणि आम्ही तिला उधन्याला घरी आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी. उषाबाई मावशी बमरोलीहून सोजी, डिंकाचे लाडू आणि स्वतःचा सगळा उत्साह घेऊन आल्या. सात वर्षं बायांनी त्यांना टोमणे मारलेत. आज त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकीला बोलावून जेवायला घातलं. ताईच्या पदराखालची रिकामी बाजू दिसू नये म्हणून त्या फोटोच्या वेळी मुद्दाम त्या बाजूला उभ्या राहिल्या. न सांगता! मला त्यांच्याबद्दल एकदम प्रेम वाटलं.

५ जानेवारी १९९८, सोमवार

बाळ पोटात लाथा मारतंय. ताईने माझा हात धरून ठेवला तिथे. आत कोणीतरी आहे!! रोज वार हाताळते मी, तरी अंगावर काटा आला.

१४ जानेवारी, बुधवार. उत्तरायण

मुलगी झाली!

आणि घोळ झाला. आधी मुलीचं लिहिते.

सकाळी गच्च्यांवर पतंगवाल्यांचं "काय पो छे" सुरू झालं आणि इकडे ताईला कळा. आठवा महिनाच चालू होता, कोणी तयारीत नव्हतं. मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलेलं, पण आज रस्त्यावर रिक्षा मिळेल तर शपथ. मिळाली ती पुढे नेईना, मांजा गळ्याला लागेल म्हणून. शेवटी गल्लीच्या टोकाच्या प्रसूतिगृहात नेली. तिथल्या बाई चांगल्या. लगेचच झाली. इवलीशी, लालबुंद, हाताची मूठ माझ्या अंगठ्याएवढी. रडली मात्र अशी की गच्चीवरचे पतंगवाले वाकून बघायला लागले. आईने खिडकीतून त्यांना हाकललं.

आता घोळ. बरणी माळ्यावर राहिली. मुलगी रडली तसं मला आठवलं आणि मी धावत घरी गेले. बरणी घेऊन परत आले तर वार नाही! आयाबाई म्हणाली, "वो तो सासू ले गयी. ले जाते हैं ना आपके लोग."

मी घरी गेले तेवढ्यात उषाबाई मावशी आल्या, नातीचं तोंड बघितलं, कानशिलावर बोटं मोडली, वार मडक्यात घेतली, मीठ-हळद टाकली, फडकं बांधलं आणि निघाल्या. कुठे? घरी ना? घरी नाही. आई म्हणाली, "गाडी गाठायची म्हणाल्या." गावी! दोंडाईच्याच्या पुढे त्यांचं गाव. आईला वाटलं, धनूने तिच्यापुरता तुकडा आधीच काढून ठेवला असेल.

ताई खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. फक्त माझ्याकडे बघत होती. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दाजी आणि मी पुढच्या गाडीने निघतोय. बरणी पिशवीत.

१५ जानेवारी, गुरुवार

दाजींच्या गावी, ओट्यावर बसून लिहितेय. ऊन आत्ता अंगणात उतरलंय. बोटं गारठलीत.

रात्र गाडीत आणि दोंडाईच्याच्या स्टेशनावर काढली, सकाळी पहिल्या टमटमने गावात. मावशी अंगण सारवत होत्या. उंबऱ्यापासून चार पावलांवर ताजी माती, वर सपाट दगड, दगडाभोवती बाभळीचे काटे. कुत्र्याने उकरू नये म्हणून. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उतरला. "पोर बरी शे ना?"

बरी आहे म्हटल्यावर हसल्या आणि चुलीवर चहा ठेवून आल्या. मी म्हणाले, "मावशी, वार काढायची आहे." त्यांना वाटलं थट्टाच करतेय! मग समजलं तशा त्या दगडावर जाऊन बसल्याच.

"पुरेल वार कोणी उखडस का? कुत्रं उखडस ते! मना या लखन्यानी वार याच अंगनमा शे. त्याना बापनी बी अठेच. पोर सुरतमा जन्मनी म्हनीसन तिले गटारमा टाकी देवानी का? सुरतनी माटी आपली शे का?"

काय चूक होती त्यांची? रेल्वेत मांडीवर मडकं घेऊन त्या एकट्या आल्या. बाजूच्या बाईने विचारलं, काय आहे? म्हणे, "नात शे मनी." सुरतेत भाड्याच्या खोलीला अंगण नाही, चार घरांत मिळून एक नळ. पोरीची नाळ आपल्या मातीत पुरली की पोर आपली, मग ती कुठेही राहो. आपल्याकडे नाही का म्हणत, तुझी नाळ इथे पुरली आहे का? तरी मी शिकलेली! तडकून काहीतरी बोलणार होते, दाजींनी हाताने थांबवलं.

दाजी त्यांच्यासमोर मातीतच बसले. माझे दाजी, जे दिवसाकाठी दहा शब्द बोलतात. म्हणाले, "माय, योगिताना रोग पोरमा गया का नही, ते त्या वारमा दिसस."

मावशी पुढे वाकल्या. "रोग? पोरमा?" मग एकदम दाजींच्या खांद्यावर चापट मारली. "माले कोनी सांगं कसं नही रे?"

खरंच, का सांगितलं नाही? अंथरूण धरतील म्हणून! त्यांनी अंथरूण धरलं नसतं, वार धरून ठेवली असती आमच्यासाठी.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिसस का ते, धनू?"

डॉक्टरांना दिसतं, मी म्हणाले.

"नही गया व्हई तं?"

तर पोर मोकळी.

"आनि गया व्हई तं?"

मी म्हणाले, तर लवकर समजेल, पहिल्यापासून लक्ष ठेवता येईल. त्या उठल्या. काटे स्वतः बाजूला केले, दगड स्वतः सरकवला. दाजी फावडं घेऊन आले तर ओरडल्या, फावडं लावायचं नाही. हातांनी माती काढली, नखांनी. मडक्यावरचं फडकं अजून कोरडं होतं. मडकं बाहेर काढल्यावर त्यांनी ते पोटाशी धरलं आणि एक अट घातली. जे उरेल ते परत आणून द्यायचं. "अठेच पुरसू मी."

कबूल केलं. वार बरणीत ठेवण्याआधी मी ती उलटून बघितली. शेकडो वार हाताळल्या असतील मी. ही माझ्या ताईची. एका बाजूला खडबडीत, मांसासारखी, तो आईचा भाग. दुसऱ्या बाजूला निळसर चकचकीत, मधून नाळ निघते आणि शिरा अशा पसरतात की झाडच. मावशी वाकून बघत होत्या. त्यांनी आजवर कितीतरी पुरल्या असतील, पण उलटून कधी बघितली नव्हती. "माय वं," एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी तिथे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. आत चहा कधीच उतू गेला होता.

१६ जानेवारी, शुक्रवार

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी बरणी उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "आ तो अथाणुं कर्युं छे!" लोणचंच घातलंय हे! मी ओशाळले. मग तेच म्हणाले, मिठाने आणि थंडीने वाचवली, नाहीतर सडली असती. तुकडे घेतले. वेळ लागेल म्हणाले, कदाचित तुकड्यांच्या काचा मुंबईलाही पाठवाव्या लागतील. घाई करू नका.

घाई करू नका! ताई दाराकडेच बघत होती, मी चप्पल काढायच्या आधी.

१९ जानेवारी, सोमवार

उरलेली वार धुऊन मावशींना दिली. आमच्याबरोबर सुरतेला आल्या होत्या, आजच्या गाडीने गावी परत गेल्या. दाजी सोबत गेले या खेपेला.

२३ जानेवारी, शुक्रवार

ताईनेच सांगितलं होतं, तुझ्या कामाला पण घे एक तुकडा. घेतला होता. आज ज्योतीच्या यंत्रात सोडला.

ताईचं रक्त किती फिकं आहे, नखं बघून घाबरायला होतं. ऑपरेशन, रोग, वर हे बाळ. आणि तिच्या वारेत लोह भरपूर! बाकी सगळ्या बायांइतकंच. कुठून ओढलं? तिच्याकडे होतं कुठे? मॅडमनी आकडा दोनदा बघितला आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती पोरीला पाजत होती, उजव्या बाजूने. म्हणाली, "लिधं ते बरं करं. ले अजून." मला नाही, पोरीला म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार

बारसं. नाव प्रांजल. दाजींना तापी ठेवायचं होतं — गावाकडेही तापी, सुरतेतही तापी. ताई म्हणाली, मग दर पावसाळ्यात पूर आला की लोक माझ्या पोरीच्या नावाने बोटं मोडणार. सगळे हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा घरात सगळे एकदम हसले.

पोरगी एका बाजूच्या दुधावर वाढतेय. आईला वाटलं होतं पुरणार नाही. पुरतंय! गाल आले. मी तिच्या पावलांना नाक लावून बसते आणि आई म्हणते, प्रयोगशाळेत जा आता.

ताई मात्र ताटात बोटं फिरवते. दोन घास खाल्ले की झालं. बाळंतिणीने असं करून कसं चालेल, म्हणून आई भांडते. तिला रिपोर्ट खातोय, हे मला माहीत आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

शेकाच्या आधी छातीवर खुणा करतात. जांभळ्या शाईने रेषा, चौकोन. पुसायच्या नाहीत. ताई म्हणाली, मोजणीवाला शेतात खुणा करून गेला. नंतर चादर वर ओढून हळूच मला म्हणाली, "येणाघाई बरं व्हई का, धनू?" मी म्हणाले, होईल. डॉक्टरही म्हणालेत, रोग जागेवरच असेल, पसरला नसेल, तर शेक त्याला पुरून उरतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला शेक झाला.

मी जाड काचेतून बघत होते. ताई एकटी आत, दार बंद. यंत्राने मान वाकवली. आणि मग — काहीच नाही! ना आवाज, ना उजेड. पण त्या क्षणी झाकण सरकलं होतं आणि तो आत पेटलेला तिच्या छातीवर पडत होता. मी हात जोडले. देवासमोर मी कधी मनापासून जोडले नाहीत, आई त्यावरून बोलते. आज कोबाल्टला जोडले.

बाहेर आली ती म्हणाली, "एवढंच?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. वारेत रोग आहे. आईच्या बाजूला, रक्ताच्या तळ्यात, पेशींचे पुंजके. बाळाच्या बाजूला एकही नाही. मुंबईच्या डॉक्टरांनीही बघितलं. एकही नाही.

म्हणजे बाळंतपणाच्या आधीच रोग ताईच्या रक्तातून अंगभर फिरत होता. डॉक्टर म्हणाले, औषधं देऊ, शेकही पूर्ण करू. बरं होईल असं या वेळी म्हणाले नाहीत. ताईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मनं ते माले समजनं. पोर मोकळी शे ना?" डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

घरी येऊन ताई पोटभर जेवली. दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली. आई आनंदाने वाढत होती, तिला अजून सांगितलेलं नाही.